अकरा नंबरची पिशवी

१

परीक्षक थुंकतातच, त्यात नवीन काही नाही. सकाळपासून ते प्रत्येक घोट तोंडात घोळवून समोरच्या बादलीत टाकत होते, तेही इतक्या अदबीनं की बघणाऱ्याला कौतुक वाटावं. पण अकरा नंबरचा घोट मुख्य परीक्षकानं असा थुंकला की तो बादलीच्या बाहेर उडाला. त्यानं पाण्यानं चूळ भरली, ओठ पुसले आणि माईक चालू असल्याचं भान न ठेवता विचारलं, "हे काय आहे? व्हिनेगर?"

सभागृह हसलं. बाहेर खाण्याचे स्टॉल, आत वाइनची परीक्षा आणि दोन्हींच्या मध्ये रिकामटेकड्यांची गर्दी. अशा महोत्सवात लोक हसायला टपलेलेच असतात. एरवी बाटल्यांवरच्या पिशव्या संध्याकाळी काढतात, म्हणजे कोणती वाइन कुणाची हे तोवर परीक्षकांना कळत नाही. पण दोष निघाला तर नाव तिथल्या तिथे जाहीर करायचं, असा बागाईतदार संघाचा नियम आहे. संघाचे अध्यक्ष लगबगीनं पुढे आले. दोरी सोडायचीही तसदी त्यांनी घेतली नाही, करड्या कापडाची पिशवी नुसती खाली ओढली, गाठ सरकली आणि ती सुळकन निघाली. आतल्या लेबलावर माझ्या भावाचं अक्षर होतं.

माझ्या शेजारी धाकटी बसली होती. धाकटी म्हणजे माझ्या भावाची बायको. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. ती जागची हलली नाही, फक्त दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली. तिच्या पलीकडे बाबा. त्यांच्या मांडीवरची पावांची पिशवी घसरली, तोंडाला त्यांनीच बांधलेली दोरी आपोआप सुटली आणि पाव खुर्च्यांखाली गडगडत गेले. मागची रांग आणखी हसली. मी वाकून पाव गोळा करत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"बाबा, एक पिशवी धड बांधता येत नाही का हो तुम्हाला?" मी त्यांच्यावरच खेकसले. बाबांनी एक पाव उचलून झटकला. भाऊ गेल्यापासून ते फारसं बोलतच नाहीत.

भावाला जाऊन दोन हंगाम झाले. रिकामी केलेली टाकी धुवायला तो आत उतरला आणि वर आलाच नाही. द्राक्षाचा रस आंबताना जो वायू निघतो तो दिसत नाही, तळाशी साचून राहतो आणि माणसाला हाक मारायचीही सवड देत नाही. त्या टाकीतली वाइन त्यानं आदल्याच दिवशी पिंपात काढली होती. पुढचं सगळं धाकटीनं एकटीनं केलं. चाखणं, गाळणं, बाटल्या भरणं, त्यानं लिहून ठेवलेली लेबलं चिकटवणं, सगळं. संघात भावाची जागा होती, म्हणजे सामाईक तळघरात पिंपं ठेवायचा हक्क. ती जागा धाकटीला द्यायची की नाही हे आज संध्याकाळी ठरणार होतं. वाइन परीक्षेत उतरली तर जागा तिची. नाही तर द्राक्षं दुसऱ्यांच्या गाडीत चढवायची आणि घरी बसायचं.

मी उठले आणि थेट व्यासपीठावर गेले.

"ताई, झालं ते वाईट झालं," अध्यक्ष म्हणाले. "पण नासलेली ती नासलेली. एकट्या बाईला हे झेपणारं काम नाही, हे आम्ही आधीपासून..."

"दुसरी बाटली उघडा." प्रत्येक बागाईतदार दोन बाटल्या देतो. एक परीक्षेला, दुसरी संघाच्या कपाटात कुलूपबंद.

"ती अशी उठसूट उघडत नाहीत. कुणी घातपात केला असं सिद्ध झालं तरच. आहे पुरावा?"

"संध्याकाळी देते."

"कुणी केलं ते नावासकट सांगा. पदकं वाटायच्या आत." ते हसले. "शुभेच्छा!"

मी विमा कंपनीत सर्वेयर होते. जळलेल्या दुकानांतून आणि बुडालेल्या गोदामांतून फिरायचं आणि खरं काय घडलं ते सांगायचं, हा माझा धंदा. लोक माझ्याशी खोटं बोलायचे आणि मला त्याचा संताप यायचा. त्या संतापावरच माझी नोकरी पार पडली. अध्यक्षांचं ते हसू मी नीट लक्षात ठेवलं.

२

व्यासपीठाच्या पडद्यामागे एक लांबोडकी खोली होती. एका कोपऱ्यात बेसिन, एक दार अंगणात उघडणारं आणि मध्ये लांब टेबल. परीक्षेच्या सगळ्या बाटल्या त्यावर आपापल्या पिशव्यांत ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीसमोर बशीत तिचं बूच. बुचं आणि बाटल्या संघच पुरवतो, त्यामुळे सगळ्यांची सारखीच.

मी अकरा नंबरच्या बशीतलं बूच उचललं आणि नाकाशी धरलं. मग धाकटीकडे दिलं.

तिनं वास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. "ताई, हे चांगलं आहे. आलुबुखारासारखा वास येतोय. हीच आमची वाइन."

"वाइन बाटलीत नासली असती तर बुचाला काय वास आला असता?"

"आधी बुचालाच आला असता. आंबट आणि वर नेलपॉलिशसारखा उग्र."

मी अध्यक्षांना हाताला धरून आत आणलं आणि बूच त्यांच्या नाकाखाली धरलं. त्यांनी हुंगलं, परत हुंगलं. हसू मावळलं. "म्हणजे बाटली उघडली तेव्हा वाइन ठीक होती," ते नाइलाजानं म्हणाले. "पण म्हणून कुणी काही ओतलं असं..."

"मग काय, वाइन स्वतःहून व्हिनेगर प्यायली? बाटल्या कुणी उघडल्या?"

"मीच. सकाळी. मग अर्धा-पाऊण तास त्यांना मोकळी हवा लागू द्यायची असते."

त्या वेळात खोली कुणाच्या ताब्यात होती? शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाईंच्या. पिशव्या त्यांनीच चढवल्या होत्या, दोऱ्याही त्यांनीच बांधल्या होत्या. मी त्यांना गाठलं तेव्हा त्या अंगणातल्या नळावर ग्लास विसळत होत्या आणि गुणगुणत होत्या. मला बघून गुणगुणणं थांबलं.

"मी काही केलं नाही हो," त्या आधीच म्हणाल्या.

"तुम्ही केलं असं म्हटलंय का मी? खोली सोडून कुठे गेला होता?"

"इथंच. ग्लासांना साबणाचा वास येत होता, मग सगळेच परत धुवायला काढले. पण दार उघडं होतं, येणारे-जाणारे दिसत होते मला." त्यांनी ओल्या बोटांवर मोजलं. "अध्यक्ष किल्ल्या घ्यायला आले. तुमचे शेजारी बागवाले आले, ते मोठ्यानं बोलणारे. व्हिनेगरच्या स्टॉलवाला बादली भरायला आला. आणि तुमचे बाबा. गोळी घ्यायला पाणी हवं होतं त्यांना. किती थकलेत हो!"

"त्यांचं सोडा. म्हणजे तिघे उरले."

"मी प्रत्येक पिशवीला फुलाची गाठ मारली होती," बाई उगीचच म्हणाल्या. "छान दिसते ना, म्हणून."

फुलाच्या गाठी ऐकायला मला वेळ नव्हता. व्हिनेगर आणि व्हिनेगरवाला एकाच आवारात असताना आणखी काय शोधायचं, असं मला वाटत होतं.

३

व्हिनेगरवाल्याचा स्टॉल फाटकाजवळ होता. गोल चेहऱ्याचा, लालबुंद गालांचा माणूस. समोर तळहातात मावतील अशा नमुन्याच्या बाटल्यांची उतरंड. तो जवळ आला की नाकात झिणझिण्या यायच्या.

"या ताई, घ्या! फुकट आहे, लाजू नका."

"माझ्या भावाच्या वाइनमध्ये तुझं व्हिनेगर गेलंय."

त्याचे गाल उतरले. "देवाशपथ, मी नाही. मी का करीन? तुमचा भाऊ उरलेली वाइन मलाच द्यायचा, त्याचंच पहिलं व्हिनेगर केलं मी."

"सकाळी नमुने कुणाकुणाला दिलेस?"

"कुणाला नाही ते विचारा. अध्यक्षांनी घेतलं, गाणंवाल्या बाईंनी घेतलं, तुमच्या शेजारच्या बागवाल्यानं, त्या तोफेनं, दोन घेतली. तुमच्या बाबांनी एक घेतलं."

बाबांना आयुष्यात कधी आंबट चाललं नाही. पण फुकट मिळालं तर बाबा दगडसुद्धा खिशात घालतील. मी तो विषय तिथेच सोडला आणि पाय आपटत खोलीत परतले. वाटेत चीजवाल्यानं माझ्यापुढे तबक धरलं, त्याच्याही अंगावर गेले. तो बिचारा दिवसभर मला चुकवत होता.

धाकटी टेबलाजवळच उभी होती. "ताई, इकडे बघा," ती म्हणाली. "मघापासून काहीतरी खटकतंय."

मी बघितलं. बारा नंबरपासून शेवटपर्यंत प्रत्येक बाटलीच्या मानेवर बाईंची फुलाची गाठ होती, दोन पाकळ्या आणि दोन टोकं. एकपासून दहापर्यंत एकाही बाटलीवर फूल नव्हतं. दोरी होती, गाठही होती, पण साधी आणि सैल. इतकी सैल की माझा अंगठा दोरीखाली आरामात गेला. अध्यक्षांनी सकाळी अकरा नंबरची पिशवी दोरी न सोडताच कशी ओढून काढली, ते मला आता कळलं.

माझा राग एकदम थंड झाला. कामाला लागले की तो असाच थंड होतो.

"धाकटे, चोरानं एकपासून सुरुवात केली. गाठ सोडायची, पिशवी खाली करायची, लेबल बघायचं, नसेल तर परत बांधायचं. अकरावर तुमचं लेबल सापडलं. तिथे काम झालं, म्हणून पुढच्या पिशव्यांना हात लागला नाही. याचा अर्थ काय?"

"त्याला आमचा नंबर माहीत नव्हता," धाकटी म्हणाली.

"बरोबर. नंबर कुणाला माहीत होते? नंबर घालणाऱ्या अध्यक्षांना आणि बाईंना. त्यांना दहा पिशव्या उघडायची गरज काय? ते दोघे सुटले." हे म्हणताना मला वाईटच वाटलं. अध्यक्ष सुटावेत अशी माझी अजिबात इच्छा नव्हती.

"मग व्हिनेगरवाला?"

मी वाकून एकपासून दहापर्यंत प्रत्येक पिशवीचा वास घेतला. कोऱ्या कापडाचा वास. "तो मघाशी माझ्या हाताला नुसता लागला, तर माझ्या बाहीला अजून वास येतोय. त्यानं दहा पिशव्या हाताळल्या असत्या तर ही खोली लोणच्याच्या बरणीसारखी झाली असती. तोही सुटला."

"म्हणजे राहिली तोफ," धाकटी हळूच म्हणाली.

आमच्या बागेला लागून ज्याची बाग, तो तोफ. शाळेत तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि तेव्हाही हळू बोलणं त्याला माहीत नव्हतं. तळघरातल्या आमच्या कोपऱ्यावर त्याचा डोळा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझा राग परत उकळला. ह्या वेळी त्याला जायला जागाही होती.

४

तोफेच्या स्टॉलवर गर्दी होती. तो एका हातानं वाइन ओतत होता आणि दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकांच्या पाठी थोपटत होता. मी गर्दीत घुसले.

"लाज नाही वाटत? मेलेल्या माणसाच्या बाटलीत व्हिनेगर ओततोस?"

थोपटणारा हात हवेतच राहिला. "काय बोलतेस, कळतंय का तुला?"

"दोन नमुने घेतलेस. खोलीत गेलास. तुला आमचा कोपरा हवाय. आणखी काय कळायचं राहिलंय?"

"खोलीत मी माझ्या बाटल्या पोचल्या का ते बघायला गेलो! आणि ती व्हिनेगरं ही बघ!" त्यानं स्टॉलखालून दोन्ही नमुने काढून टेबलावर आपटले. दोन्ही सीलबंद होते. "बायकोनं मागवली होती. आणि कोपरा हवाय मला, हो, हवाय! तुझ्या भावजयीच्या तोंडावर मागितला मी. विचार तिला!"

"मागितला होता," माझ्या मागून धाकटी म्हणाली. "मी नाही म्हणाले. तेव्हा ते म्हणाले, 'बरं, पण अडलं तर हाक मार.'"

मी मागे हटणारी बाई नव्हे. पिशवीची जादा दोरी खिशात घातली होती, ती त्याच्यापुढे धरली. "बांध. ह्या बाटलीच्या मानेला."

त्यानं माझ्याकडे वेडी झालीस का अशा नजरेनं बघितलं, पण बांधली. दात-ओठ खाऊन, दोन्ही टोकं खेचून. दोरी काचेत रुतली. मी नख घालून बघितलं, नखसुद्धा आत जाईना.

गर्दी आता त्याच्याऐवजी माझ्याकडे बघत होती.

"झालं समाधान?" तोफ गरजला. "आणि मला काय दोरी बांधायला लावतेस? दोरी बांधतंय कोण आता? आम्ही सगळे वेलींना प्लास्टिकच्या क्लिपा लावतो. तुझा भाऊ लावायचा, ही धाकटी लावते. दोरीनं बांधणारा, आत अंगठा ठेवून गाठ मारणारा, वेलीला फुगायला जागा राहावी म्हणून, असा आख्ख्या भागात एकच माणूस उरलाय, तो म्हणजे तुझे..."

तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा मी तोफेला वाक्य अर्धवट सोडताना बघितलं. त्यानं बाटलीकडे बघितलं, मग माझ्या अंगठ्याकडे.

"जाऊ दे," तो पुटपुटला. "मी काही बोललो नाही."

५

मला पावांची पिशवी आठवली. आपोआप सुटलेली दोरी आठवली. नमुन्याची बाटली, गोळीसाठी हवं असलेलं पाणी, सगळं सकाळपासून माझ्या नाकासमोर होतं. दुसऱ्या कुणाच्या बापाबद्दल हे ऐकलं असतं तर मी पहिल्या फटक्यात बोट ठेवलं असतं. मी मात्र "त्यांचं सोडा" म्हणून मोकळी झाले होते.

बाबा सभागृहाच्या मागे, रिकाम्या क्रेटच्या थप्पीला टेकून बसले होते. पावांची पिशवी मांडीवर. त्यांनी ती परत बांधली होती, तशीच.

"का?" मी विचारलं. एवढंच.

त्यांनी सोंग आणलं नाही. "लेबलं बघत गेलो," ते म्हणाले. "त्याचं अक्षर दिसलं तेव्हा हात थांबला माझा. थोडी बेसिनमध्ये ओतली. मग ते आंबट घातलं."

"मी का विचारतेय!"

"पास झाली असती ती. चांगली झालीय वाइन, मला ठाऊक आहे. पास झाली असती तर जागा मिळाली असती. जागा मिळाली की पुढचा हंगाम. मग टाक्या धुवायला कोण उतरणार? हीच." त्यांनी माझ्या मागे बघितलं नाही, पण धाकटी तिथे उभी आहे हे त्यांना माहीत होतं. "एक वर काढलाय मी. दुसरी नाही काढणार."

मला दया यायला हवी होती. नाही आली. जे आलं ते अंगठ्यापासून केसांपर्यंत संतापच होता.

"म्हणून तिची अब्रू घालवलीत? चारचौघांत तिला हसायला लावलंत लोकांना? तोंड नव्हतं का तुम्हाला? दोन हंगाम मूग गिळून बसलात आणि चोरासारखे खोलीत शिरलात! तिला विचारायचं होतं, भांडायचं होतं, ओरडायचं होतं!"

"सांगितलं असतं तर थांबली असती?"

"नाही," धाकटी म्हणाली.

ती पुढे आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझं राहू द्या, बाबा. मला हसले तर हसले. पण ती त्याची शेवटची वाइन होती. तुम्ही त्याचं हसं केलंत. त्याचं अक्षर वर असताना."

बाबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "वर मी असायला हवं होतं. त्या दिवशी. टाकीत कुणी उतरलं की एकानं वर थांबायचं असतं, दोरी धरून. तो म्हणाला, पाचच मिनिटांचं काम आहे, तुम्ही पडा जरा. मी जेवून आडवा झालो."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं आता तरी माझा राग ओसरेल. पण तो नुसता जागचा हलला आणि दुसरीकडे जाऊन बसला.

आत माईकवर पदकांची तयारी चालल्याचं ऐकू येत होतं. "गाठी दाखवून घातपात झाला हे मी सिद्ध करू शकते," मी धाकटीला म्हणाले. "नावाचं बघू. कुणीतरी अनोळखी माणूस आत शिरला होता, असं सांगता येईल."

"आणि लोक जन्मभर तोफेकडे बघतील," धाकटी म्हणाली. "मघाशी तुम्हीच भर गर्दीत त्यांचं नाव घेतलंत, ताई. मला अशी जागा नको."

बाबा उठले. पावांची पिशवी त्यांनी क्रेटवर ठेवली आणि सभागृहाच्या दाराकडे चालू लागले. मी त्यांना हात दिला नाही.

६

अध्यक्षांनी माईक हातात घेतला होता. बाबांनी तो त्यांच्याकडून काढून घेतला.

"अकरा नंबरमध्ये व्हिनेगर मी ओतलं," ते म्हणाले. "सुनेचा दोष नाही. तिची वाइन चांगली आहे. मला ती तळघरात जायला नको होती, म्हणून ओतलं." मग माईकचं काय करायचं ते न कळून तो हातातच धरून उभे राहिले.

ह्या वेळी कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी मात्र घसा साफ केला. घरच्याच माणसानं केलं तर त्याला घातपात म्हणायचं का, नियमात तसं स्पष्ट नाही, विचार करावा लागेल, असं काहीबाही ते बोलू लागले. मी व्यासपीठाकडे निघालेच होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला. त्याला माईकची गरज नव्हती.

"नाव मागितलंत, नाव मिळालं! उघडा ती दुसरी बाटली!"

तोफ उभा होता. त्याच्या मागोमाग व्हिनेगरवाला उठला, बाई उठल्या. अध्यक्षांनी खिशातून किल्ल्या काढल्या.

बाटली आली. मुख्य परीक्षकानं स्वतः बूच काढलं, हुंगलं, ओतलं. घोट तोंडात घेतला आणि घोळवला. बादली त्याच्यासमोरच होती. त्यानं बादलीकडे बघितलं, आणि सबंध दिवसात पहिल्यांदाच घोट गिळला. मग ग्लास परत पुढे केला.

पहिलं पदक तिला मिळालं नाही, दुसरं मिळालं. पहिलं तोफेला मिळालं, आणि तो इतका मोठ्यानं हसला की माझं त्याच्याकडे माफी मागणं त्याला ऐकूच गेलं नाही. मला दुसऱ्यांदा मागावी लागली. जागेसाठी हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळ्यात आधी त्याचा हात वर गेला. अध्यक्षांचा सगळ्यात शेवटी, पण गेला.

सभागृह रिकामं झाल्यावर आम्ही तिघे क्रेटपाशी परत आलो. पावांची पिशवी परत सुटली होती. धाकटीनं तिची दोरी हातात घेतली आणि बाबांच्या समोर उभी राहिली.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "कधी करीन तेही माहीत नाही."

"नको करूस," बाबा म्हणाले.

"मलाही भीती वाटते. रोज वाटते. आधी मेणबत्ती खाली सोडते. विझली तर उतरत नाही. दोन हंगाम वर थांबायला कुणी नव्हतं, म्हणून कितीतरी कामं तशीच पडलीत. तुम्ही तळघराच्या दारातसुद्धा आला नाहीत." तिनं दोरी मुठीत आवळली. "येत्या हंगामात वर तुम्ही. दोरी माझ्या कमरेला, टोक तुमच्या हातात. आणि जेवून आडवं व्हायचं नाही."

बाबांनी तिच्या हातातल्या दोरीकडे बघितलं. मग होकारार्थी मान हलवली.

धाकटीनं मनगट पुढे केलं. "बांधून दाखवा. आत्ता."

बाबांनी तिच्या मनगटाला दोरी गुंडाळली. सवयीनं अंगठा आत ठेवून गाठ मारली आणि अंगठा काढून घेतला. तिनं हात मागे ओढला, तो सहज निसटला.

"असं बांधलंत तर मी खालीच राहीन," ती म्हणाली. "परत."

बाबांनी परत गुंडाळली. अंगठा पुन्हा आत गेला. मी काहीतरी कडू बोलणार होते, पण त्यांनीच अंगठ्याकडे बघितलं, तो बाहेर काढला आणि दोन्ही टोकं खेचली. धाकटीच्या कातडीवर वळ उठला. तिनं हात जोरात मागे ओढला. बाबा तिच्याबरोबर पुढे ओढले गेले, पण दोरी सुटली नाही.

"आणखी घट्ट," धाकटी म्हणाली.